मेळावा, सुट्टीतील बायबल शाळा की दर महिन्याची कुटुंबसभा?

आजूबाजूच्या कुटुंबांपर्यंत आणि त्यांच्या मुलांपर्यंत पोहोचण्यासाठी वर्षभरात काय करावे, हा विषय मंडळीच्या, म्हणजे एका चर्चच्या सभासदांच्या, कार्यकारिणीपुढे आला की चर्चा बहुधा तीन पर्यायांभोवती फिरते: एक दिवसाचा मोठा खुला मेळावा, सुट्टीत पाच दिवस चालणारी बायबल शाळा, किंवा आईवडील व मुलांनी महिन्यातून एकदा एकत्र येण्याची कुटुंबसभा. तिन्ही करू या, असे उत्साहाने म्हणणारे एकदोघे प्रत्येक बैठकीत असतातच. परंतु मध्यम आकाराच्या मंडळीत प्रत्यक्ष काम करणारे हात पंधरा-वीसच असतात, आणि तेच हात रविवारी वाद्ये वाजवतात, शब्बाथ शाळा (मुलांची रविवारची बायबल शाळा) घेतात आणि हिशेबही लिहितात; त्यामुळे निवड करावीच लागते. आमच्या मंडळीने मेळावा सहा वर्षे भरवला, बायबल शाळा चार वर्षे घेतली आणि कुटुंबसभेला आता पाच वर्षे होत आली आहेत. तिन्हींत मी काम केले आहे आणि दोहोंची जबाबदारी माझ्याकडे होती. माझ्याजवळ मोजमापे नाहीत, अनुभव आहे. आपल्या मंडळीचा अनुभव वेगळा असू शकेल, हे गृहीत धरूनच पुढचे वाचावे. हे तीन कार्यक्रम म्हणजे काय, हे आपल्याला ठाऊक आहे असे मानून त्यांची प्राथमिक ओळख मी येथे करून देत नाही.

मेळाव्यापासून सुरुवात करतो, कारण बहुतेक मंडळ्या तेथूनच करतात आणि तसे करण्यात काही गैर नाही. चर्चच्या आवारात कधी पाऊल न टाकलेला माणूस त्या दिवशी संकोच न बाळगता आत येतो. मुलाने हात धरून ओढले की बापाला विचार करायला सवड मिळत नाही. कामे वाटून देणेही सोपे जाते, कारण एका दिवसासाठी कोणी सहसा नाही म्हणत नाही. नव्या ठिकाणी इमारत बांधलेल्या मंडळीला, आपण कोण आहोत आणि आत काय चालते हे शेजाऱ्यांना एकदा उघडपणे दाखवायचे असेल, तर मेळाव्याइतका चांगला मार्ग मला दुसरा दिसत नाही. आमच्या दुसऱ्या मेळाव्याला इतकी गर्दी झाली की फाटकाशी दोन माणसे उभी करावी लागली. त्या रात्री खुर्च्या आवरताना आम्ही सगळे थकलो होतो आणि खूश होतो.

माझी तक्रार आहे ती त्यानंतरच्या सोमवारची, आणि खरे सांगायचे तर माझा निर्णय त्या एका गोष्टीवरच झाला, म्हणून ती जरा सविस्तर सांगतो. प्रवेशाशी प्रत्येक कुटुंबाने एक कार्ड भरावे, अशी आमची पद्धत होती. पालकांचे नाव, मुलांची नावे व वये, फोन नंबर, आणि पुढील कार्यक्रमांची माहिती कळवलेली चालेल का, यासाठी एक चौकोन. दिवसभरात ही कार्डे बुटांच्या एका रिकाम्या खोक्यात जमत आणि ते खोके माझ्या घरी येई. सोमवारी रात्रीची जेवणे आटोपली की मी ती टेबलावर मांडून बसत असे. निम्मी कार्डे मुलांनीच भरलेली असत, तीही घसरगुंडीच्या रांगेतली जागा जाऊ नये म्हणून घाईघाईने. काहींत एक आकडा कमी, काहींत एक की सात हे कळायला मार्ग नाही, काहींवर चेहरा रंगवून घेतलेल्या मुलाच्या निळ्या अंगठ्याचा ठसा. चौकोनात खूण असलेली कार्डे वेगळी काढून मी फोन लावीत असे आणि, नमस्कार, मी चर्चमधून बोलतो आहे, शनिवारी आपण आमच्याकडे आला होतात, असे म्हणत असे. पलीकडे बहुधा शांतता पसरे. एका बाईंनी बऱ्याच वेळाने विचारले, “तुम्ही घसरगुंडीवाले का?”

मी हो म्हणालो. दुसरे काय म्हणणार? मुलाला किती मजा आली ते त्यांनी मनापासून सांगितले, आभार मानले, पुढच्या वर्षी पुन्हा आहे का याची चौकशी केली आणि फोन ठेवला. त्यांचे काहीच चुकले नव्हते. हवा भरून उभी केलेली ती दुमजली घसरगुंडी आवाराच्या मधोमध होती, तिचे भाडे ही आमच्या खर्चातली सर्वांत मोठी रक्कम होती, आणि आम्ही जे मध्यभागी ठेवले होते तेच त्यांच्या लक्षात राहिले होते. दहा-बारा फोन झाले की उरलेली कार्डे मी मंगळवारवर ढकलत असे, मंगळवारची गुरुवारवर, आणि महिन्याभराने ते खोके कपाटावर जात असे. कपाटावर अशी सहा खोकी जमली. कार्डे लिहून देणाऱ्यांनी विश्वासाने दिलेली माहिती आपण नुसती साठवतो आहोत, ही टोचणी मला मेळाव्याच्या आनंदापेक्षा जास्त दिवस पुरत असे.

असे का होते, याचा मी थोडा शोध घेतला. मेळाव्यात प्रत्येक स्वयंसेवक कोणत्या ना कोणत्या टेबलामागे असतो. एका वर्षी मी सलग तीन तास मुलांच्या नावांच्या चिकटपट्ट्या लिहिल्या; नावे भरपूर लिहिली, पण कोणाशी दोन मिनिटे बोलणे झाले असेल तर शपथ. नंतर आम्ही चार जणांना मुद्दाम कोणतेही काम न देता केवळ लोकांत मिसळायला मोकळे ठेवले. त्याने फरक पडला हे मान्य करायला हवे, पण गर्दी वाढली की मोकळा दिसणारा माणूस प्रथम गाड्या लावायला पाठवला जातो, हेही आम्ही दर वर्षी पाहिले.

भिंतीबाहेर मुलांना गाठण्याची कल्पना तशी जुनी आहे. १८६७ साली लंडनमध्ये मुलांसाठी सुरू झालेल्या आणि पुढे स्क्रिप्चर युनियन म्हणून ओळखल्या गेलेल्या कार्याचे प्रवर्तक जोसाया स्पायर्स यांनी १८६८ मध्ये वेल्सच्या लँडुडनो येथील समुद्रकिनाऱ्यावर ‘देव प्रीती आहे’ हे शब्द वाळूत कोरले, मुलांना ते सजवायला लावले आणि मग त्यांना गोष्ट सांगितली. मला त्यातले मर्म असे वाटते की तेथे खेळ आणि संदेश यांच्यात फटच नव्हती. अक्षरांच्या कडेने खडे लावणारे मूल ती अक्षरे वाचतच होते. आमची घसरगुंडी आणि आमची गोष्ट यांच्यात मात्र आवाराची पूर्ण रुंदी होती, आणि गोष्ट सांगण्याची वेळ झाली की ध्वनिक्षेपकावरून मुलांना घसरगुंडीवरून खाली उतरायला सांगावे लागे. उतरणाऱ्या मुलांचे चेहरे आठवले की मला अजून ओशाळल्यासारखे होते.

सुट्टीतील बायबल शाळा या बाबतीत निःसंशय सरस आहे. पहिल्या दिवशी खांबाआड उभे राहणारे मूल तिसऱ्या दिवशी कृतिगीतात सर्वांत पुढे असते, हे ज्याने पाहिले आहे त्याला पाच सलग दिवसांचे मोल समजावून सांगावे लागत नाही. गोष्ट काल जेथे थांबली तेथून आज पुढे नेता येते, वचन रोज थोडे थोडे पाठ होते, आणि शिक्षकाला मुलाचे नाव, सवय, भीती कळते. शिवाय मंडळीतील पंधरा-सोळा वर्षांच्या मुलामुलींना प्रथमच कोणाची तरी जबाबदारी मिळते. आमच्या शाळेचा सर्वांत टिकाऊ लाभ बाहेरच्या मुलांपेक्षा या घरच्या पोरांनाच झाला असावा, असा मला दाट संशय आहे. आज शब्बाथ शाळा घेणाऱ्यांपैकी तिघे त्या काळी रंगकाम वाटण्याचे काम करीत असत.

या शाळेचा इतिहासही वाचण्यासारखा आहे. १८९४ मध्ये इलिनॉय राज्यातील होपडेल येथे माइल्स नावाच्या एका शिक्षिकेने उन्हाळ्यात चार आठवड्यांची बायबल शाळा भरवली. १८९८ मध्ये न्यूयॉर्कच्या पूर्व भागात एलायझा हॉज यांनी रस्त्यावर भटकणाऱ्या मुलांसाठी तसाच उपक्रम सुरू केला, आणि जागा मिळेना तेव्हा त्यांनी चक्क बिअर विकणाऱ्या गुत्त्याची खोली भाड्याने घेतली. सभागृहाच्या फरशीवर रंग सांडेल म्हणून मुलांना आत घ्यावे की नाही यावर तासभर खल करणाऱ्या कार्यकारिणीला मी ही हकीकत एकदा सांगितली होती; तिचा परिणाम झाला नाही. १९०१ पासून रॉबर्ट बोव्हिल यांनी शहरातल्या इतर मंडळ्यांतही ही पद्धत पसरवली आणि पुढे ती जगभर गेली.

आता तिची अडचण. आमच्या शाळेत रोज सकाळी मुले सोडताना आणि दुपारी नेताना पालकांनी वहीत सही करावी, असा नियम होता, आणि तो असलाच पाहिजे. पण पाच दिवसांच्या शेवटी त्या वहीतल्या सह्या पाहिल्या तेव्हा लक्षात आले की पालकांची आम्हाला झालेली ओळख म्हणजे त्या सह्या, एवढीच. पालक दाराशी येतात, मूल आत सोडतात, गाडी चालूच असते. त्यात त्यांचा दोष नाही. सुट्टीतले तीन तास मुले सुरक्षित ठिकाणी असतात, हीच त्यांच्या दृष्टीने आपली सेवा आहे आणि ती खरी सेवा आहे. शेवटच्या दिवशी पालकांसाठी कार्यक्रम ठेवला तर ते येतात, आपल्या मुलाचे गाणे मोबाइलमध्ये टिपतात आणि पुढच्या गटाचे गाणे सुरू होण्याआधी उठतात. आणखी एक गोष्ट मंडळीबाहेर कोणी बोलत नाही, पण ती आपल्या सर्वांना माहीत आहे: एकाच सुट्टीत तीन चर्चच्या शाळांत तीच ती मुले दिसतात, आणि तिन्ही चर्च आपापल्या अहवालात ती मोजतात. आमच्या चौथ्या वर्षी हजेरी आजवरची सर्वांत मोठी होती. तिच्यातून आधीच कोणत्या ना कोणत्या चर्चमध्ये जाणारी मुले मी पेन्सिलीने खोडत गेलो आणि मग तो आकडा कार्यकारिणीला सांगावा की नाही, असा मला प्रश्न पडला.

मुलांना पालकांपासून वेगळे काढून शिकवायचे हा साचा आला कोठून, हेही पाहण्याजोगे आहे. १७८० मध्ये इंग्लंडमधील ग्लॉस्टर येथे वृत्तपत्राचे मालक रॉबर्ट रेक्स यांनी रविवारच्या शाळेला चालना दिली, तेव्हा गरिबांची मुले आठवड्याचे सहा दिवस कामावर राबत आणि वाचायला शिकण्यासाठी त्यांना रविवारच मोकळा मिळे. त्या वेळी शाळा काढणे हे अगदी योग्य उत्तर होते. पण आज आपल्या दाराशी येणाऱ्या मुलाला आधीच शाळा आहे, बहुधा शिकवण्याही आहेत. त्याच्या घरात कमी आहे ती सर्वांनी मिळून काही करण्याची वेळ. अशा घराला आपण आणखी एक शाळा देऊ करतो, हे मला अलीकडे थोडे विचित्र वाटू लागले आहे. पवित्र शास्त्रातही ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात मुलांना शिकवण्याचे काम घरी बसताना, वाटेने चालताना, निजताना आणि उठताना करायला सांगितले आहे, आणि ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायात फिलिप्पै येथील लुदिया आणि तुरुंगाचा अधिकारी या दोघांच्याही हकीकतीत घरच्या सर्वांचा उल्लेख येतो. यावरून बायबल शाळा शास्त्राला धरून नाही असे मी मुळीच सुचवीत नाही. कुटुंब हे एकक सोयीचे असल्याचे मात्र त्यातून दिसते.

तिसरा पर्याय म्हणजे कुटुंबसभा. आमच्याकडे ही कल्पना आली ती ज्याला मेसी चर्च म्हणतात त्यावरून. २००४ मध्ये इंग्लंडमध्ये पोर्ट्समथजवळील काउप्लेन येथील सेंट विल्फ्रिड्स चर्चमध्ये ल्यूसी मूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती सुरू केली. इमारत चांगली, माणसे हौशी, पण मुले येत नाहीत, अशी त्यांची अडचण होती. आणि फक्त मुलांसाठी काही करण्यापेक्षा सर्व वयाच्या लोकांनी एकत्र करावे असे काहीतरी त्यांनी निवडले. मेसी म्हणजे पसारा झालेले, आणि नाव अगदी खरे आहे. साचा साधा आहे: प्रथम एका विषयावरच्या हस्तकला आणि कृती, मग गोष्ट, गाणे व प्रार्थना असलेली छोटीशी उपासना, आणि शेवटी सर्वांनी एकत्र बसून जेवण. मुलाला एकटे सोडून जायचे नाही, सोबत घरचे मोठे माणूस हवेच, ही त्यातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी अट. आम्ही नाव बदलले, वेळ दोन तासांची ठेवली, आणि रविवारऐवजी महिन्यातला एक ठरलेला शनिवार घेतला.

पहिल्या तीन सभांना मिळून जेवढी माणसे आली, तेवढी मेळाव्याला पहिल्या अर्ध्या तासात येत असत. हे आधीच सांगून ठेवतो, कारण येथेच बहुतेक मंडळ्यांचा धीर सुटतो आणि आमचाही सुटत आला होता. चौथ्या महिन्यात सहा कुटुंबे होती. त्यांपैकी चार आधीच्या महिन्यातही आलेली होती, आणि त्यांना काही विचारायच्या आत त्यांच्यातल्या एका बाईंनी कोठीतून सतरंजी आणून अंथरली. त्या दिवशी आम्ही कार्डे छापलेली होती, पण ती कोणालाच दिली नाहीत. पुढची तारीख दाराशी लिहिलेली होती, ती त्यांनी वाचली होती, आणि त्या येणार होत्या. फोन करायचा तो कोणाला आणि कशासाठी? सोमवारची संध्याकाळ मला मोकळी मिळाली, तिचे काय करावे ते मला सुचेना.

बोलणे कोठे होते, हेही येथे निराळे आहे. कागद कापताना आणि डिंक लावताना होते ते वरवरचे; खरे बोलणे जेवणानंतर भांडी घासताना होते. एक गृहस्थ जवळजवळ वर्षभर मुलीबरोबर येत. उपासनेच्या वेळी ते दाराजवळच्या खुर्चीवर हातांची घडी घालून बसत आणि प्रार्थना सुरू झाली की बाहेर जाऊन उभे राहत. त्यांना कोणी काही म्हणाले नाही. एकदा मी ताटे घासत होतो आणि ते माझ्या हातातली ताटे घेऊन पुसत होते, तेव्हा नळ चालू असतानाच त्यांनी विचारले की आजाऱ्यांसाठी जी प्रार्थना होते ती सभासदांसाठीच असते का, कारण त्यांच्या वडिलांची गुरुवारी शस्त्रक्रिया होती. मी नाही म्हणालो, आणि वडिलांचे नाव विचारले. ते सभासद झाले का, असे मला पुष्कळ जण विचारतात. झाले नाहीत, पण त्यांच्या वडिलांना मी इस्पितळात तीनदा भेटलो, आणि आता त्यांच्या घरी जाताना मला आधी फोन करावा लागत नाही.

दोष नाहीत असे नाही. पसारा आवरायला दोन तासांच्या सभेमागे दीड तास जातो. स्तोत्रसंहितेच्या दोन प्रती एकमेकींना चिकटल्या त्या कायमच्या. दर महिन्याला नवा विषय, नवी कृती आणि तिचे सामान जमवणारी माणसे सातव्या-आठव्या महिन्यात थकतात, म्हणून आम्ही तीन गट केले आणि प्रत्येक गटाकडे वर्षातून चारच सभा दिल्या. बारा-तेरा वर्षांची मुले यात रमत नाहीत. त्यांना कामाला लावले तर टिकतात, पाहुणे म्हणून बसवले तर पुढच्या महिन्यापासून दिसत नाहीत. आईवडिलांना वेळच नसतो अशी घरे यातून सुटतात, आणि हा आक्षेप मला खरोखर अडचणीत टाकतो, कारण मुलाला ज्या घरात सर्वांत जास्त सोबतीची गरज असते ते घर नेमके हेच असते. अशा मुलाला शेजारच्या काकूंबरोबर किंवा आजोबांबरोबर यायला आम्ही परवानगी देतो. बायबल शाळा मात्र त्याच्यासाठी अधिक सोयीची आहे, यात वाद नाही.

मंडळीतल्या जुन्या सभासदांचा प्रश्न असतो तो वेगळाच: ही माणसे रविवारी कधी येणार? काही येतात, बरीच येत नाहीत. त्या शनिवारलाच ती आपले चर्च म्हणतात. पाळकांनी (मंडळीच्या धर्मगुरूंनी) सुरुवातीला रविवारच्या उपासनेचे निमंत्रण दर सभेत दिले आणि नंतर ते थांबवले. त्याऐवजी ते स्वतः दर सभेला येऊन जेवणाच्या वेळी प्रत्येक वेळी वेगळ्या सतरंजीवर बसू लागले. हे पुरेसे आहे का, यावर आमच्यातच मतभेद आहेत. मेळाव्याला कोणी हा प्रश्न विचारीत नसे, हे मात्र मला नमूद करावेसे वाटते; तेथे आकडा मोठा असल्याने प्रश्न पडत नसावा.

खर्चाबद्दल थोडक्यात सांगतो. मेळाव्याचा खर्च एकदम होतो आणि डोळ्यांत भरतो. कुटुंबसभेचा वर्षभरात झिरपतो आणि बेरीज केली तर फार कमी निघत नाही, कारण बारा वेळा जेवण असते. बायबल शाळेचा खर्च तिन्हींत कमी, विशेषतः पाठ्यपुस्तके विकत न घेता शिक्षकांनीच धडे तयार केले तर. पैशावरून निवड करू नये, असे माझे मत आहे. माणसांवरून करावी. एका दिवसासाठी चाळीस हात आणि बारा दिवसांसाठी आठ हात यांत आपल्याकडे काय आहे, हे पाहावे.

एका बाबतीत मात्र मी तिन्हींना एकाच काट्यात तोलतो, आणि येथे नम्रपणा थोडा बाजूला ठेवतो. ज्या कुटुंबांना आपण बोलावतो ती आपल्या विश्वासाची असतातच असे नाही. पत्रकावर चर्चचे नाव ठळक असावे, गोष्ट बायबलमधली असेल आणि प्रार्थना होईल हे आधीच लिहिलेले असावे, आणि नको असल्यास बाहेर थांबण्याची मोकळीक असावी. बालहक्कांच्या १९८९ च्या आंतरराष्ट्रीय करारात चौदाव्या कलमात मुलाचे विचार, विवेक व धर्म यांचे स्वातंत्र्य मान्य केले आहे आणि त्या बाबतीत त्याला मार्ग दाखवण्याचा पालकांचा हक्कही मान्य केला आहे. मेळाव्यात ही मोकळीक असते, पण गर्दीत ती कोणाला सांगता येत नाही. बायबल शाळेत तिची जागा पालकांनी सही केलेला एक कागद घेतो, आणि तो कागद सगळे वाचतातच असे नाही. कुटुंबसभेत आई शेजारीच बसलेली असते. तिला काही पटले नाही तर ती मुलाला घेऊन उठू शकते, किंवा मला तेथेच विचारू शकते. एकदा एका आईने विचारलेही. संमतीच्या शंभर कागदांपेक्षा ती पाच मिनिटे मला अधिक उपयोगी पडली, कारण त्यानंतर आम्ही गोष्ट संपल्यावर मुलांना हात वर करून येशूला मानण्याचा ‘निर्णय’ घ्यायला सांगणे बंद केले. सात वर्षांचे मूल शेजारच्या मुलाने हात वर केला की आपलाही करते, हे तिने सांगेपर्यंत आमच्या लक्षात आले नव्हते.

सुरक्षेबद्दलही हेच. मुलांबरोबर कोणताही मोठा माणूस एकटा असू नये, किमान दोघे असावेत. स्वयंसेवकांची आधी नीट पारख करावी. परवानगीवाचून फोटो काढू नयेत. कोणत्या मुलाला काय खाऊन त्रास होतो ते आधी विचारावे. तिन्ही कार्यक्रमांना हे लागू आहे. फरक इतकाच की मेळाव्यात हे पाळणे अतिशय कठीण जाते. एकदा चार वर्षांची एक मुलगी वीस मिनिटे सापडत नव्हती. ती घसरगुंडीच्या मागे, हवा भरणाऱ्या पंख्याच्या गार वाऱ्यात बसून होती. तिचे काही बिघडले नाही. माझे गुडघे मात्र संध्याकाळपर्यंत लटपटत होते.

तेव्हा निवड कशी करावी? परिसरात आपल्याला कोणीच ओळखत नसेल, तर पहिल्या वर्षी मेळावा भरवायला हरकत नाही. फक्त तो लहान ठेवावा, भाड्याच्या खेळण्यांऐवजी माणसे जास्त असावीत, आणि तीन आठवड्यांच्या आतली पुढची तारीख हातात दिल्याशिवाय एकही कुटुंब फाटकाबाहेर जाऊ देऊ नये. मंडळीत तरुण मुले भरपूर असतील, किंवा पालक दिवसभर कामावर असणारी घरे जवळ असतील, तर बायबल शाळाच घ्यावी, आणि शेवटच्या दिवशीचा गाण्यांचा कार्यक्रम काढून टाकून त्या जागी पालकांसह जेवण ठेवावे. परंतु आपल्याकडे आठ-दहा चिकाटीची माणसे असतील, स्वयंपाक करणारे दोन हात असतील, आणि पहिले सहा महिने रिकाम्या खुर्च्या पाहूनही कार्यकारिणी आकडा विचारणार नसेल, तर मला वाटते कुटुंबसभेला एक पूर्ण वर्ष देऊन पाहावे. वर्षाच्या आत तिच्याबद्दल मत बनवू नये. आम्ही नवव्या महिन्यात ती बंद करण्याचा ठराव लिहून ठेवला होता, आणि ज्या बैठकीत तो मांडायचा होता ती पावसामुळे रद्द झाली.

मेळावा पुन्हा भरवावा, अशी सूचना अजूनही दर वर्षी येते, आणि सूचना करणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो. घसरगुंडी भाड्याने देणाऱ्याचा नंबर माझ्याकडे आहे, तो मी विनातक्रार देतो. सोमवारी खोके घेऊन कोण बसणार, एवढेच मी विचारून ठेवतो.